अर्धवाहकाचा प्राध्यापक कसा घडतो?

भिवंडीतल्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी कोणी ना कोणी मागावर आहे. त्यामुळे अर्धवाहक शिकवताना मी कारखान्यातल्या कापसाच्या धुळीपासून सुरुवात करतो. ती केसांत, भाकरीत, छातीत कशी जाते हे त्यांना सांगावे लागत नाही. मग सांगतो : ठाणे ओलांडले की पवई फार लांब नाही, आणि तिथल्या आय.आय.टी.त अशा खोल्या आहेत जिथे धुळीचा कणदेखील परवडत नाही. सिलिकॉनच्या चकतीवरचा ट्रान्झिस्टर त्या कणाहून कितीतरी बारीक. कण बसला की तेवढा भाग बाद.

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ. ‘गेट’वर विद्युतदाब दिला की प्रवाह वाहतो, काढला की थांबतो. पण नळ लहान करत गेले की तो बंद असतानाही गळतो. डॉ. व्ही. रामगोपाल राव यांनी या दुखण्यावर काम केले. सिलिकॉनमध्ये मुद्दाम केलेली भेसळ, म्हणजे डोपिंग, प्रवाह जिथून निघतो त्या टोकाला अधिक ठेवली तर गळती आटोक्यात येते. अशा रचनांचा त्यांनी अभ्यास केला.

राव तेलंगणातल्या कोल्लापूरचे (आपले कोल्हापूर नव्हे). बी.टेक. काकतीय विद्यापीठाचे, 1991 ला पवईहून एम.टेक., 1997 ला म्यूनिकमध्ये डॉक्टरेट, 1998 पासून पवईला अध्यापक. 2005 ला भटनागर पुरस्कार, 2013 ला इन्फोसिस पुरस्कार. 2016 ते 2021 दिल्ली आय.आय.टी.चे संचालक.

मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. 1973 पासून राखीव जागांमुळे आय.आय.टी.चा वर्ग आपल्या मुलांना कायद्याने खुला झाला. पण या शास्त्रात पुस्तक पाठ करून भागत नाही, हात भट्टीपर्यंत पोहोचावा लागतो. मी एम.एस्सी. करताना ऑसिलोस्कोप कपाटात कुलूपबंद असे. लहरी आम्ही पुस्तकातून जर्नलमध्ये उतरवल्या. पवईचे नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्र 2006 ला सरकारी पैशावर सुरू झाले, राव त्याच्या उभारणीत पुढे होते. 2008 पासून ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूझर्स प्रोग्रॅम’खाली बाहेरच्या महाविद्यालयांतील संशोधकांनाही तिथे प्रशिक्षण आणि काम करण्याची वाट मिळाली. ही माहिती आपल्या किती महाविद्यालयांच्या फलकावर लागली?

मी ती वर्गात सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, आत जाताना कपडे कोणते घालायचे?”

म्हटलं, डोक्यापासून पायांपर्यंतचा झगा तिथेच देतात. त्या खोलीत धूळ आणतो तो मुख्यतः माणूसच, म्हणून तिथे प्रत्येकाचेच अंग मळके धरतात, प्राध्यापकाचेसुद्धा.