साखरेवरून शत्रूची ओळख

समुद्राच्या तळाशी खडकांना चिकटून राहणारा सी अर्चिन म्हणजे काट्यांचा जिवंत चेंडूच. त्याला आपल्यासारखा मेंदू नाही. रोगजंतूंशी लढायला आपल्या रक्तात तयार होतात तशी प्रतिपिंडेही त्याच्याकडे नाहीत. समुद्राच्या पाण्यात तर जिवाणू असंख्य! तरीही उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लाल सी अर्चिन शंभराहून अधिक वर्षे जगू शकतात. ते कसे?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग साखरेत आहे. साखर म्हटले की आपल्याला चहा आठवतो, नाहीतर मधुमेह. पण प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या बाजूला निरनिराळ्या शर्करांच्या साखळ्या असतात. आपले ए आणि बी रक्तगटसुद्धा तांबड्या पेशींवरील एका शर्करेच्या फरकाने ठरतात. जिवाणू व बुरशी यांच्या अंगावरील शर्करांची मांडणी वेगळी असते. सी अर्चिनच्या शरीरातील द्रवात ‘लेक्टिन’ नावाची प्रथिने असतात. ती ठरावीक शर्करा ओळखून तिला चिकटतात. असे पकडलेले जंतू भक्षक पेशी गिळून टाकतात. एकिनॉइडिन नावाच्या अशा एका लेक्टिनची रचना १९८७ मध्ये उलगडली. पुढे २००६ मध्ये जांभळ्या सी अर्चिनची सुमारे २३,३०० जनुके वाचली गेली. जंतू ओळखणाऱ्या ‘टोल’ प्रकारच्या ग्राहकांची २२२ जनुके त्यात निघाली. माणसात ती जेमतेम दहा आहेत.

कुदरतीची हीच तजवीज आपल्यातही आहे. आपले यकृत मॅनोज नावाची शर्करा पकडणारे लेक्टिन बनवते. तान्ह्या बाळाला पहिले काही महिने अम्मीकडून मिळालेली प्रतिपिंडे सांभाळतात. ती ओसरतात, तेव्हा बाळाची स्वतःची प्रतिपिंडे पुरेशी तयार नसतात. अशा वेळी जन्मजात संरक्षणावर मोठा भार पडतो.

पण काही जंतू चलाख असतात. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवणारे काही जिवाणू शर्करेचेच जाड आवरण पांघरून या पहारेकऱ्यांना चकवतात. दोन वर्षांखालील बाळाचे शरीर नुसत्या या शर्करेविरुद्ध टिकाऊ प्रतिपिंडे बनवू शकत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी ती शर्करा एका प्रथिनाला जोडली. मग बाळाचे शरीर तिला ओळखायला आणि लक्षात ठेवायला शिकले. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीत असा एक घटक आहे. दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना दिली जाणारी न्यूमोकोकल लसही याच तत्त्वावर बनते. सरकारी आरोग्य केंद्रात दोन्ही मोफत मिळतात.

सी अर्चिनला लस कोण देणार? त्याला जन्मजात पहाऱ्यावरच निभावून न्यावे लागते. आपल्या बाळांसाठी मात्र दुसरा पहाराही उपलब्ध आहे. घरात तान्हे बाळ असेल तर आजच त्याचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. एखादी तारीख हुकली असेल तर आशाताईंना विचारा. राहिलेला डोस पुढे कधी घ्यायचा, ते त्या सांगतील.