कुकीची पट्टी: विचारते खरी, पण थांबते का?

आज प्रयोगापासूनच सुरुवात करू. ज्यांच्याजवळ लॅपटॉप आहे त्यांनी क्रोममध्ये इन्कॉग्निटो विंडो उघडा आणि आपली स्वतःची वेबसाइट लावा. खाली कुकीची पट्टी येईल. तिला हात लावायचा नाही. एफ१२ दाबा, वर ‘ॲप्लिकेशन’, मग डावीकडे ‘कुकीज’. ‘अंडरस्कोर जीए’ असं नाव दिसतंय का कुणाला? तीन-चार हात वर आहेत. ही गूगल ॲनालिटिक्सची कुकी. म्हणजे तुमची साइट पाहुण्याला विचारतेय, ‘नोंद ठेवू का?’, आणि तो उत्तर द्यायच्या आत नोंद झालेली आहे.

पट्टी बसवणं म्हणजे पट्टी दाखवणं, असा आपला समज असतो. खरं काम पट्टीच्या मागे आहे.

कुकी मुळात वाईट नाही. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी ती आणली, कारण सर्व्हरला आठवण नसते. पान बदललं की तो तुम्हाला विसरतो. खरेदीची टोपली, लॉगिन यांना कुकी लागतेच आणि तिच्यासाठी युरोपातही परवानगी मागावी लागत नाही. ‘नको’ म्हटलेलं लक्षात ठेवायलाही कुकीच लागते, ही त्यातली गंमत! परवानगी लागते ती मोजणीला आणि जाहिरातीला.

हा नियम युरोपचा. २००२ चा निर्देश २००९ मध्ये बदलला आणि आधी संमती, मग कुकी असं ठरलं. संमती कशाला म्हणायचं, ते २०१८ पासून जीडीपीआरने घट्ट केलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘प्लॅनेट४९’ खटल्यात युरोपीय न्यायालयाने सांगितलं की आधीच टिक केलेली चौकट ही संमती नव्हे. आणि जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. का? ‘स्वीकारा’ एका क्लिकमध्ये, पण नकाराला अनेक क्लिक. म्हणून दोन्ही बटणं शेजारी, एकाच आकाराची ठेवा. राखाडी बारीक अक्षरातलं ‘नको’ मला तरी लबाडी वाटते.

आता मागचं काम. ॲनालिटिक्सचा स्क्रिप्ट पानात असला की ब्राउझर तो लगेच चालवतो. संमतीची साधनं काय करतात, तर त्या स्क्रिप्टचा प्रकार बदलून ‘साधा मजकूर’ असा लिहितात. मग ब्राउझर तो वाचतो, चालवत नाही. होकार आला की प्रकार पूर्ववत करून चालवायचा. पण साधन थांबवतं ते त्याला ओळखता आलेलं किंवा तुम्ही दाखवून दिलेलं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी थीमच्या हेडरमध्ये चिकटवलेला जाहिरातीचा पिक्सेल, पानात बसवलेला यूट्यूबचा व्हिडिओ, हे सुटतात. बहुतेक वेळा गळती तिथेच सापडते. व्हिडिओच्या जागी आधी नुसतं चित्र ठेवा. क्लिक केल्यावर व्हिडिओ येऊ दे.

(श्रोत्यांतून प्रश्न: आमचं मालवणला होमस्टे आहे. आम्हाला युरोपचा कायदा कशाला?)

चांगला प्रश्न. जर्मनीत तुमची साइट नुसती उघडते, एवढ्याने तो लागू होत नाही. पण तुम्ही दर युरोत लावलेत, जर्मन भाषेत पान केलंत, तर तुम्ही तिथल्या ग्राहकाला बोलावताय असं धरलं जाऊ शकतं. आणि आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलेला आहे. त्यात कुकी हा शब्द नाही, पण कुकीतून माणूस ओळखता येत असेल तर विषय तोच. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दोन लक्षात ठेवा: संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं हवं, आणि संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय हवी. तेव्हा पानाच्या तळाशी ‘कुकीची निवड बदला’ असा दुवा कायम ठेवा.

आता लॅपटॉपवाल्यांनी इन्कॉग्निटो बंद करून पुन्हा उघडा. या वेळी ‘नको’ दाबा, दोन-तीन पानं फिरा आणि तीच यादी परत बघा. जे नाव उरलंय ते इथे फळ्यावर लिहा, एकेक करून शोधू.