मक्यात पोरकिडे, कोंबड्यांची चंगळ

पावसाळा मध्यावर आला की मक्याच्या पोत्याची सुतळी सोडताच पोरकिडे हातावर चढू लागतात. परसात चार कोंबड्या पाळणाऱ्या घरात मग वाद होतो: पोतं उकिरड्यावर ओतायचं की कोंबड्यांपुढे? कोंबड्यांचा कौल ठरलेला असतो. त्या आधी किडे टिपतात, मग दाण्यांकडे वळतात. त्याने त्यांना काही होत नाही, उलट थोडी प्रथिनं पोटात जातात. धास्ती घ्यायची ती किड्यांची नव्हे, त्यांच्या मागोमाग येणाऱ्या बुरशीची.

पोरकिडा, म्हणजेच सोंडकिडा, मोठा चलाख. मादी दाण्याला सोंडेने बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वर चिकट द्रवाचं बूच बसवते. वरून दाणा धडधाकट दिसतो. आत अळी गर पोखरत वाढते आणि दमट, उबदार हवेत साधारण महिन्याभराने नवा किडा दाणा फोडून बाहेर येतो. एक मादी 300च्या आसपास अंडी घालते. स्वच्छ चाळून ठेवलेलं पोतं थोड्याच दिवसांत पुन्हा वळवळू लागतं ते यामुळे. चाळणीतून किडे पडतात, अंडी दाण्यातच राहतात.

भरड्यात आणि तयार खाद्यात मात्र राज्य असतं तांबड्या भुंगेऱ्याचं. त्याला अख्खा दाणा फोडता येत नाही. चुरा आणि पीठ मिळालं की तो माजतो. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या रसायनांनी खाद्याला उग्र दर्प येतो. खाद्याला जाळी धरली असेल, तर ते काम पतंगाच्या अळ्यांचं.

हजारो किडे एका पोत्यात श्वास घेऊ लागले की आत ऊब आणि ओल साठते, खाद्याचे गोळे होतात आणि बुरशीला आयतं घर मिळतं. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता घेता माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा आणि तिच्यावरच्या बुरशीचा. अफलाटॉक्सिन हे विष जगाला कळलं ते त्या प्रकरणातून. खाद्य उकळलं, भाजलं तरी ते पुरतं जात नाही. म्हणून नुसते किडे दिसले तर खुशाल खाऊ घाला. पण गोळे, हिरवट-काळी बुरशी किंवा कुबट वास आला, तर पोतं खड्ड्यात पुरा. गाईला घालायचा मोह नको, ते विष दुधातही उतरतं.

अख्ख्या मक्याला कडक ऊन हाच चांगला उपाय. काळ्या प्लास्टिकवर पातळ थर पसरून वर पारदर्शक प्लास्टिक टाकलं, तर आतली उष्णता 50 अंशांपुढे जाते आणि दाण्यातल्या अळ्याही मरतात. दाणे पूर्ण निवल्यावरच भरायचे, नाहीतर ड्रमला आतून घाम सुटतो. तयार खाद्य मात्र उन्हात घालू नये, त्यातली जीवनसत्त्वं जातात. घट्ट झाकणाचा ड्रम काठोकाठ भरला की आतला थोडा प्राणवायू किडेच संपवतात आणि गुदमरतात. अर्धा रिकामा किंवा रोज उघडला जाणारा ड्रम हे काम करत नाही; रोजचं खाद्य वेगळ्या डब्यात काढावं. कडुनिंबाचा पाला वाळलेलाच हवा, ओला टाकला तर ओलीत भरच. त्याच्यावर फार भिस्तही नको. साठा खुराड्यात ठेवू नये: विष्ठेत वावरणारे काही भुंगेरे कोंबड्यांपर्यंत पट्टकृमी पोचवतात.

राहिली धान्यात टाकायची गोळी. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची 3 ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलीने 1 ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. त्यावर उतारा नाही. शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं या वायूने दगावली आहेत. गोळीचा वापर सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांपुरताच मर्यादित आहे, तरी ती गावोगाव सुटी मिळते. पावसाळ्यात खाद्य थोडं थोडं आणा, पोत्यावरची तारीख बघून घ्या आणि दुकानदाराने सोबत गोळी पुढे केली, तर ती घेऊ नका.