गर्भाशयातील गाठ : शस्त्रक्रिया केव्हा?

सोनोग्राफीत गाठ दिसताच ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला पुष्कळदा घाईने दिला जातो. वस्तुतः या गाठी क्वचितच कर्करोगाच्या असतात. त्रास नसल्यास वेळोवेळी तपासणी पुरे. पाळी कायमची थांबल्यावर त्या बहुधा आक्रसतात. परंतु औषधांनीही न आवरणाऱ्या रक्तस्रावामुळे पंडुरोग जडत असेल, वा गाठीच्या दाबाने लघवी तुंबत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार अवश्य करावा. तेव्हाही, मूल हवे असल्यास, पुष्कळदा केवळ गाठ काढून गर्भाशय राखता येते. पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसल्यास मात्र तपासणीस विलंब नको. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ साली शासनास चौकशी करावी लागली. संमतिपत्रावर अंगठा उठण्यापूर्वी आशाताईंनी अशा भगिनीस जिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे.