कायम वास्तव्याचा अर्ज आणि पूर्वीच्या नकाराचे निवेदन

परदेशात शिक्षण घेऊन तेथेच स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या पदवीधरास कायम वास्तव्याच्या अर्जात एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: यापूर्वी कोणत्याही देशाने त्यास परवाना किंवा व्हिसा नाकारला आहे काय? ‘होय’ असे लिहिल्यास अर्ज बाद होईल, या भीतीने काही अर्जदार ‘नाही’ असे लिहितात. कॅनडाच्या कायद्याच्या आधारे पाहता ही भीती अस्थानी ठरते. नकार मिळणे हा दोष नव्हे. तो दडविणे हा दोष होय.

कॅनडाचा ‘इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्ट’ २००१ साली संमत झाला व २८ जून २००२ पासून अमलात आला. त्याच्या १६ व्या कलमान्वये अर्जदाराने सर्व प्रश्नांची खरी उत्तरे दिली पाहिजेत. ४० व्या कलमानुसार, महत्त्वाची वस्तुस्थिती चुकीची सांगितल्यामुळे अथवा दडविल्यामुळे कायद्याच्या अंमलबजावणीत चूक घडली, किंवा घडण्याचा संभव निर्माण झाला, तर ती व्यक्ती पाच वर्षे अपात्र ठरते आणि त्या मुदतीत तिला कायम वास्तव्यासाठी अर्जही करता येत नाही. ही मुदत पूर्वी दोन वर्षांची होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये ती वाढविण्यात आली. येथे ‘संभव’ हा शब्द निर्णायक आहे. अधिकाऱ्याने असत्य वेळीच ओळखले, तरी दोष नाहीसा होत नाही. अर्जात समाविष्ट असलेल्या पतिपत्नी-मुलांचा मार्गही त्याबरोबर बंद होतो.

उदाहरणार्थ, उमरगा तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील एका विद्यार्थ्याने अध्ययन-परवान्यासाठी अर्ज केला असे समजावे. सातबारा उतारे व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडूनही, शिक्षण संपल्यावर तो परत जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली नाही व परवाना नाकारला गेला. दुसऱ्या खेपेस परवाना मिळाला, शिक्षण पुरे झाले, नोकरीही लागली. तात्पुरत्या परवान्याच्या वेळी परत जाण्याचा हेतू तपासला जातो. कायम वास्तव्याच्या अर्जात राहण्याचा हेतू गृहीतच असतो. म्हणजे ज्या कारणाने पूर्वी नकार मिळाला, ते कारण येथे बहुधा उरतच नाही. असे असता त्याने ‘नाही’ लिहिले, तर निरुपद्रवी गोष्ट दडवून तो पाच वर्षांची अपात्रता ओढवून घेतो. पुढे परवाना मिळाला म्हणून आधीचा नकार पुसला जात नाही.

नकार कशास म्हणावे, याविषयीही घोटाळा होतो. प्रश्न ‘कोणत्याही देशा’विषयी असल्याने मुंबईच्या अमेरिकी वकिलातीने नाकारलेला पर्यटन-व्हिसाही त्यात येतो. अमेरिकी कायद्याच्या २२१ (जी) कलमाखाली कागदपत्रांसाठी थांबविलेले प्रकरणही त्या कायद्याच्या दृष्टीने नकारच होय. अपूर्ण म्हणून न तपासता परत आलेला अर्ज मात्र नकार नव्हे. अर्जदाराने स्वतः मागे घेतलेला अर्ज तत्त्वतः नकारात मोडत नाही. तरी त्याचा खुलासा करणे श्रेयस्कर.

असे नकार दीर्घकाळ अज्ञात राहतील ही आशाही फोल आहे. कॅनडा व अमेरिका यांच्यात २०१२ च्या करारान्वये अर्जदारांच्या माहितीची देवघेव होते. आणि ३१ डिसेंबर २०१८ पासून भारतीय अर्जदारांस बोटांचे ठसे द्यावे लागतात. दलालाने अर्ज भरला, ही सबबही सहसा टिकत नाही, कारण स्वाक्षरी अर्जदाराची असते. आपण काहीही दडवीत नाही अशी प्रामाणिक व सयुक्तिक समजूत होती, असे सिद्ध झाल्यासच न्यायालयांनी अपवाद मानला आहे, आणि तो अत्यंत संकुचित आहे. २०२३ साली पंजाबातील अनेक विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट असल्याचे उघड झाले. काहींना ते कायम वास्तव्याच्या अर्जानंतरच कळले. निरपराध ठरणाऱ्यांस सरकारने दिलासा देऊ केला, पण तो विशेष निर्णय होता, हक्क नव्हे.

म्हणून प्रत्येक नकाराचे वर्ष, देश, परवान्याचा प्रकार व नकारपत्रातील कारण थोडक्यात नमूद करावे; पत्र हाती नसल्यास तसे स्पष्ट लिहावे. जुन्या अर्जात ‘उस्मानाबाद’ व नव्या अर्जात ‘धाराशिव’ असे जन्मस्थळ येत असेल, तर २०२३ च्या नामांतराचा उल्लेख एका वाक्यात करावा, म्हणजे दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे कळेल. पूर्वीचे निर्णय बदलणे अर्जदाराच्या हाती नसते. त्यांचे निवेदन मात्र पूर्णतः त्याच्या हाती असते, आणि कायदा त्याच्याकडून तेवढ्याचीच अपेक्षा करतो.