पुड्यावरील बारीक अक्षरें

आमच्या धामणगाव बढे येथें चुलीवर ज्वारीची भाकरी भाजली जाते, आणि मुलांच्या हातांत बिस्किटाचा पुडा असतो. दोहोंत भेद कोणता?

पिष्टाचें पचन तोंडांतील लाळेपासून सुरू होतें व लहान आतड्यांत त्याची साखर बनते. धान्याच्या कोंड्यांतील तंतू पचत नाहींत. परंतु ते साखर रक्तांत सावकाश मिसळूं देतात व पोट साफ ठेवतात. शंभर ग्रॅम ज्वारींत असे तंतू सुमारें १० ग्रॅम, मैद्यांत ३ हूनही कमी.

म्हणून पुडा घेतांना दर्शनी चित्रावर न जातां मागील बारीक अक्षरें वाचावीं. २०२० च्या नियमांप्रमाणें घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावी लागते. आरंभीं मैदा व पाठोपाठ साखर असेल, तर ‘पौष्टिक’ या शब्दास भुलूं नये. शंभर ग्रॅमांत साखर २५ असेल, तर चौथा हिस्सा साखरच! सोडियमचा आंकडा अडीचपट केला कीं मिठाचा अंदाज येतो. दिवसाचें एकूण मीठ ५ ग्रॅमांहून कमी असावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

नातवंडांस आपण वाचावयास शिकवितों. त्या विद्येचा लाभ त्यांच्या पोटासही मिळूं द्यावा.