मुंबईला वीज, आपल्याला पाणी. पण जमीन कोणाची गेली?



उन्हाळी भाताचं आवण टाकायची वेळ आली की कर्जत भागात एकच प्रश्न कानावर येतो. "साहेब, राजनाल्याला पाणी कधी सुटणार?" तिकडं रोहा-माणगावात गेलं की हाच प्रश्न डोलवहालच्या कालव्याबद्दल. कृषी पदविकेला आम्हाला भाताच्या जाती शिकवल्या, खतांच्या मात्रा शिकवल्या. पण भर उन्हाळ्यात कोकणातल्या नाल्याला पाणी येतं कुठून, हे नोकरीला लागून शेताच्या बांधावर उभा राहिलो तेव्हाच समजलं.

हे पाणी आपल्या बाजूच्या पावसाचं नाही. ते घाटमाथ्यावर पडलेलं, मुळात पूर्वेला भीमेकडं जाणारं पाणी आहे. धरणात अडवून ते पश्चिमेकडं वळवलं, कारण मुंबईला वीज हवी होती. वीज तयार झाली की सोडून दिलेलं पाणी आपल्या वाट्याला येतं. त्यामुळं मुंबईच्या वीज कंपनीचा इतिहास हा आपल्याही शेतीचा इतिहास आहे. तो नीट समजून घेतला पाहिजे.

कोळशाच्या धुरातून सुटका

१९११ साली मुंबईची लोकसंख्या दहा लाखांच्या आत होती. शहर गिरण्यांवर चालत होतं आणि बहुतेक गिरण्या वाफेवर. वाफेला कोळसा लागे आणि तो फार लांबून आणावा लागे. खर्च मोठा, धूर वेगळाच. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, पण तिची वीजही कोळसा जाळूनच होत होती.

सह्याद्रीच्या पावसावर वीज करायची ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ साली ते वारले. पुढं त्यांचे चिरंजीव दोराबजी यांच्या काळात, १९१० साली, टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. भांडवल देशातच उभं राहिलं. त्यात संस्थानिकांचाही वाटा होता. १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला पायाभरणी झाली. वळवण, लोणावळा, शिरवता इथं पाणी अडवलं. नळातून ते घाटाखाली खोपोलीला आणलं आणि १९१५ साली तिथून सुमारे सत्तर किलोमीटर तारा ओढून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली.

यातलं गणित आपल्याला समजण्यासारखं आहे. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर उंचीवरून खाली आणलं तर एक युनिटापेक्षा थोडी जास्त वीज मिळते. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर घाटावरून खाली उतरला की अकरा-बारा युनिट. आपला पाच हॉर्सपॉवरचा पंप तासाला चार-साडेचार युनिट खातो. तेव्हा एका टँकरवर पंप जेमतेम अडीच-पावणेतीन तास चालेल. मग एवढ्या मोठ्या शहराला किती पाणी आणि किती धरणं लागली असतील, याचा अंदाज करा.

शहराची भूक वाढली

एका खोपोलीनं भागेना. आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण झालं आणि १९२२ साली कर्जतजवळ भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. मुळा आणि नीळा या नद्यांवर मुळशीचं धरण बांधून १९२७ साली भिऱ्याचं वीजघर चालू झालं. खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही तिन्ही ठिकाणं तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आपल्याच आजच्या रायगड जिल्ह्यातली. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची लोकल धावली. मुंबईतल्या गिरण्या, गाड्या, रस्त्यावरचे दिवे असं एकेक काम विजेवर येत गेलं.

पुढं पाण्याची वीजही पुरेना, म्हणून १९५६ साली तुर्भ्याला औष्णिक वीजघर उभं राहिलं. २००० साली टाटांच्या तीन वीज कंपन्या एकत्र होऊन एकच कंपनी झाली. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या जवळ पोचली होती. आपल्या खेड्यांचं काय? उच्च दाबाच्या तारा आपल्या शिवारावरून १९१५ पासून जात होत्या, पण घरात बल्ब लागायला बहुतेक गावांना १९६० साली राज्याचं वीज मंडळ होईपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक वर्षं थांबावं लागलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

मुळशीत काय घडलं?

या इतिहासातलं मुळशीचं पान शेतकऱ्यानं आणि तलाठ्यानंही वाचलंच पाहिजे.

मुळशी खोरं म्हणजे आंबेमोहोर भाताचा मुलूख. धरणात पन्नासच्या आसपास गावं जाणार होती. भूसंपादन १८९४ च्या कायद्यानं होत होतं. त्या कायद्यात पैशाचा मोबदला होता, पुनर्वसनाचा शब्दही नव्हता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. बायकामुलांसह लोक कामाच्या जागी जाऊन बसले. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी पुढाकार घेतला. याच लढ्यानं बापटांना 'सेनापती' ही पदवी दिली. शेवटी कंपनीची गाडी अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, पण धरण थांबलं नाही.

ते का थांबलं नाही? कंपनी मोठी होती आणि सरकार तिच्या बाजूला होतं, हे तर खरंच. पण दुसरंही एक कारण आहे. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी कागदावर सावकारांच्या नावावर चढलेल्या होत्या. कसणारा मावळा होता, मालक पुण्यात होता. मोबदल्याची बोलणी पुढं सरकली तसा सावकारांचा ओढा तडजोडीकडं गेला. त्यांना जमिनीचे पैसे मिळणार होते. मावळ्याची मात्र जमीनच जाणार होती, आणि कागदावर नाव नसलेल्याला कोण विचारतो?

मुंबईला वीज नको होती असं मी म्हणत नाही. ती हवीच होती, आणि त्या विजेच्या पाण्यावर आपणही भात पिकवतो. पण घाटाखालचा आपला उन्हाळी हंगाम ज्यांच्या बुडालेल्या खाचरांवर उभा आहे, त्यांची आठवण ठेवणं आपलं कर्तव्य आहे. आणि त्यांच्यावर जी पाळी आली ती आपल्यावर येऊ नये, एवढं शहाणपण तरी त्यातून घ्यावं.

हे पाणी कायमचं धरून चालू नका

वीजघरातून सुटलेलं पाणी हा विजेचा जोडधंदा आहे, बरं का! वीज जितकी होईल तितकं पाणी सुटेल. भिवपुरीचं पाणी राजनाल्याला आणि उल्हास नदीला, खोपोलीचं पाताळगंगेला, भिऱ्याचं कुंडलिकेला मिळतं. या नद्यांवर शेती आहे, कारखाने आहेत, शहरांच्या पाणी योजना आहेत. वर घाटावर भीमा खोऱ्यातले शेतकरीही म्हणतात, हे पाणी मुळात आमचं. त्यांचंही खोटं नाही. कृष्णा पाणी तंट्यावरच्या बच्छावत लवादानं या वळवलेल्या पाण्याला मर्यादा घातली आहे : कोणत्याही एका वर्षात ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी.

आता नवीन गोष्ट पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात दोन पंप-साठवण प्रकल्पांचा करार झाला. शिरवत्याला १८०० मेगावॅट आणि भिवपुरीला १००० मेगावॅट. विजेची मागणी कमी असताना पंपानं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, अशी ही पद्धत. म्हणजे तेच पाणी वर-खाली फिरणार. मग राजनाल्याला किती पाणी येणार आणि कधी येणार, हा प्रश्न आपणच विचारायला हवा. विरोधासाठी विरोध नको, पण उत्तर लेखी घ्यावं.

आपण काय करावं?

पहिलं, सातबारा नीट करा. आजोबा वारून वीस वर्षं झाली तरी त्यांचंच नाव उताऱ्यावर, अशी खाती मी प्रत्येक गावात पाहतो. वारस नोंद करून घ्या. पोटहिस्से फक्त तोंडी असतील तर रीतसर वाटणी करून घ्या. ई-पीक पाहणी दर हंगामाला करा. उन्हाळी भाताची नोंद नसेल तर "इथं दुबार पीक होतं" हे उद्या सिद्ध कशानं करणार?

दुसरं, २०१३ चा भूसंपादन कायदा माहीत असू द्या. प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकतीला साठ दिवस असतात. ती लेखी द्या आणि पोच घ्या. आणखी एक, आधीची तीन वर्षं त्या भागात राबणारे शेतमजूर, कुळं, बटाईदार यांचा मुख्य रोजगार जात असेल तर या कायद्यानं तेही बाधित कुटुंबात मोडतात. मुळशीच्या मावळ्याला जे मिळालं नाही ते आज कायद्यात आहे. पण कायदा चालून घरी येत नाही. आपण बटाईनं कसतो याचा काही पुरावा जवळ ठेवा.

तिसरं, कालव्यावरच्या गावांनी पाणी वापर संस्था नुसती कागदावर ठेवू नये. हंगामापूर्वी पाटबंधारे खात्याबरोबर बसून पाण्याची तारीख ठरवून घ्या आणि मगच आवण टाका. शेपटाकडच्या शेतकऱ्याला बैठकीत पुढं बसवा, कारण पाणी कमी पडलं की पहिलं त्याचं पडतं.

तलाठी, ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. अधिसूचना आली की ती फक्त चावडीवर चिकटवून थांबू नका, ग्रामसभेत वाचून दाखवा. वाडीवरच्या ज्या माणसाला वाचता येत नाही, त्याच्यापर्यंतही ती पोचवा. मुळशीत कसणाऱ्याला कोणी विचारलं नाही. आपल्या गावात तरी त्याला आधी विचारलं जाऊ द्या.